वैजयंता मॅडमचा बुधवार

माणसाकडे माणूस म्हणून पाहायला शिकवणं, याहून थोर काम वैद्यकीय शिक्षणात दुसरं नाही. आमच्या मेडिकल कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत हे वाक्य पहिल्याच पानावर, डीनसाहेबांच्या फोटोखाली छापलेलं आहे. या थोर कामासाठी कॉलेजनं बुधवारचा जेवणानंतरचा तास राखून ठेवला होता. रात्रभर ड्युटी केलेला रेसिडेंट डॉक्टर जिथे टेकेल तिथे झोपतो, ती ही वेळ. विषयाचं नाव होतं 'दिव्यांगत्व: जाणीव आणि संवेदना'. एमडी, एमएस करणाऱ्या सगळ्या मुलांना तो सक्तीचा होता. शिकवायला डॉ. वैजयंता सोनवणे यांना नेमलं, कारण त्यांच्या दोन्ही पायांना लहानपणी पोलिओ झाला होता. दुसरं कुठलंही कारण कुणी दिलं नाही. त्यांनी विचारलं होतं, तरी दिलं नाही.

"लायब्ररी," त्या मला म्हणाल्या, "पोलिओ माझ्या पायाला झाला. त्यातून प्रवचन द्यायची अक्कल कशी येती, सांगा बरं."

मी या कॉलेजचा ग्रंथपाल. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. लायब्ररीला लागून सेमिनार हॉल आहे, त्याची किल्ली आणि प्रोजेक्टरचा रिमोट माझ्याकडे असतो. त्यामुळे दर बुधवारी मागच्या खुर्चीवर बसणं हे माझं कामच होतं. एरवी त्या हॉलमध्ये मी संवेदनेवरची इतकी भाषणं ऐकली आहेत की मला आता कुणी संवेदनशील झालं की धडकी भरते. या बाईंच्या तासाला मात्र मी रिमोट खाली ठेवत असे. त्यांना प्रोजेक्टर लागत नव्हता.

त्या तलवाड्याच्या. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, छप्पन सालानंतर धर्म बदललेल्या घरातले, आणि मुलीनं शिकलंच पाहिजे या एका गोष्टीवर अख्ख्या भावकीशी भांडलेले. मॅडमनी भांडण तिथूनच उचललं असावं. दोन कुबड्या, पायांत लोखंडी पट्ट्यांचे बूट, कडक इस्त्रीची सुती साडी आणि डोळ्यांवर मोठा काळा गॉगल. गॉगल का, असं एका प्राध्यापकानं विचारलं तेव्हा म्हणाल्या, "लोक पायाकडं बघतात. मला ते बघताना बघायचं नसतं." लग्न का केलं नाही, हे तर शिपायापासून पाहुण्यापर्यंत सगळे विचारत. त्यांचं उत्तर ठरलेलं असे: "तुमी कावून केलं?"

स्वभावानं त्या गोड होत्या असं मी म्हणणार नाही. लॅबमधल्या टेक्निशियनवर त्या विनाकारण खेकसायच्या. त्यांच्या गाडीच्या जागेवर कुणी स्कूटर लावली तर हवा सोडून देत. लायब्ररीतून नेलेल्या रहस्यकथांच्या शेवटच्या पानावर खुन्याचं नाव पेन्सिलीनं खोडून त्या स्वतःला योग्य वाटेल तो खुनी लिहून ठेवत. बहुतेक वेळा तो घरातला सर्वांत प्रतिष्ठित माणूस असे.

त्या पॅथॉलॉजीच्या प्राध्यापक होत्या. माणसाच्या शरीरातून काढलेलं जे काही असेल ते बरणीत घालून या विभागात येतं, आणि इथले डॉक्टर त्याचे पातळ काप करून, मायक्रोस्कोपखाली बघून सांगतात की हा आजार होता की नव्हता. मॅडमना खरं तर स्त्रीरोग हवं होतं. मार्कही होते. पण तेव्हाच्या मुलाखतीत एका मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "बाई, तुम्हाला उभं राहता येत नाही, बाळंतपणं कशी करणार?"

"सर, बाळंतपण स्टुलावर बसूनच करतात," या म्हणाल्या. "उभं राहून फक्त भाषण करतात."

त्यांना पॅथॉलॉजी मिळाली.

आमच्या भागात बाईची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढण्याबद्दल लोक दाढ काढण्याइतक्या सहजपणे बोलतात. उसाच्या फडावर जाणाऱ्या बायकांना पाळीचा खाडा परवडत नाही. कुणीतरी सांगतं, काढून टाका, कटकट मिटंल. स्त्रीरोग विभागात उभं राहू न दिलेल्या बाईंच्या टेबलावर त्या पिशव्या बरणीतून यायच्या, गावागावांतून, तरण्या बायकांच्या. त्या मायक्रोस्कोपमधून मान वर काढून म्हणायच्या, "निरोगी." पुढची काच लावायच्या. "ही पण निरोगी." हा शब्द इतक्या रागानं उच्चारणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही.

कॉलेजला त्यांचा उपयोग वर्षातून एकदा, दिव्यांग दिनाला व्हायचा. सत्कारासाठी त्या हाताशी होत्या. पहिल्या वर्षी डीनसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर शाल टाकली आणि मोठ्या अदबीनं नारळ पुढे केला. मॅडमचे दोन्ही हात दोन्ही कुबड्यांवर होते. त्या नारळाकडे बघत राहिल्या. डीनसाहेब हसत राहिले. फोटोग्राफर "मॅडम, इकडं बघा" म्हणाला. शेवटी साहेबांनी नारळ त्यांच्या बोटांवर टेकवून सोडून दिला आणि तो स्टेजवरून गडगडत पहिल्या रांगेतल्या आमदारांच्या पायाशी गेला. दुसऱ्या वर्षी हेच झालं. तिसऱ्या वर्षीही. ही मंडळी हाडांची डॉक्टर होती, मेंदूची होती, भुलीची होती. कुबडी धरलेल्या हातात नारळ मावत नाही, हे यांच्यापैकी एकाच्याही ध्यानात येत नव्हतं. मी मॅडमना एकदा म्हणालो, तुम्ही आधीच सांगून का नाही टाकत? म्हणाल्या, "मी रोगनिदान करते, लायब्ररी. बघते, आपोआप बरं होतंय का."

सुरुवातीच्या एका बुधवारी कुणा उत्साही प्राध्यापकानं एक प्रयोग आणला होता. तो कुठल्याशा कार्यशाळेत शिकून आला होता. रेसिडेंटांच्या डोळ्यांवर काळ्या पट्ट्या बांधायच्या, काहींना चाकाच्या खुर्चीत बसवायचं, म्हणजे त्यांना अपंगांचं दुःख कळेल. मुलं खुर्च्यांची शर्यत लावून मोकळी झाली. एकानं पट्टी बांधून सेल्फी काढला. मॅडम दारात उभ्या राहून बघत होत्या. पट्टी काढलेल्या एका मुलाला त्यांनी विचारलं, "काय कळलं?"

"लई भयानक असतं, मॅडम. मी तर जगूच शकलो नसतो."

"झालं," त्या म्हणाल्या. "उद्या तुझ्याकडं आंधळा पेशंट येईल आणि तू मनात म्हणशील, हा जगतो कशाला. दहा मिनिटांत एवढंच शिकलास. ठेवा त्या पट्ट्या ऑफिसात."

त्यांच्या स्वतःच्या शिकवण्यात युक्ती एकच होती. डॉक्टर लोक पेशंटची हकीकत एका साच्यात मांडतात: नाव, वय, गाव, तक्रार, कधीपासून, कसं. मॅडम एखाद्या रेसिडेंटला उभं करायच्या आणि त्याच्या वॉर्डातल्या अपंग पेशंटची हकीकत मांडायला लावायच्या. मध्येच कुबडीचं टोक फरशीवर आपटायचं.

"कुणी सांगितलं?"

"नातेवाइकांनी, मॅडम."

"पोट नातेवाइकांचं दुखतंय का?"

"नाही मॅडम. पेशंटचं."

"मग पेशंटला कावून नाही विचारलं?"

"पेशंट आंधळा आहे, मॅडम."

"बरं. आंधळा व्हायच्या आधी डोळ्यानं बोलायचा का?"

अशी हकीकत पुढे सरकत नसे. एका वाक्यापाशी तीन वेळा कुबडी वाजे. मुलांना पहिल्यांदा गंमत वाटली, मग राग आला. एकानं तर तोंडावर सांगितलं, "मॅडम, ओपीडीला रांग दरवाजाबाहेर असते. इतकं विचारत बसायला वेळ कुठंय?" त्या म्हणाल्या, "खोटं लिहायला वेळ मिळतो ना बे तुला? तेवढ्यात खरं लिही." बाईनं पुरुषाला 'बे' म्हणावं, याचा हॉलला जास्त धक्का बसला. मुद्दा त्या धक्क्यात थोडा हरवला.

एका बुधवारी स्त्रीरोग विभागाचा दुसऱ्या वर्षाचा रेसिडेंट उभा राहिला. डॉ. ढाकणे. मुलगा सज्जन, कष्टाळू, सीनियरला घाबरणारा. त्यानं घडाघडा सुरू केलं. "शीतल. वय एकोणीस. राहणार चकलांबा. जन्मापासून मूकबधिर. मतिमंद. पाळीची स्वच्छता राखता येत नाही. पिशवी काढण्याची विनंती. उद्या ऑपरेशन."

कुबडी वाजली. "मतिमंद, कुणी सांगितलं?"

"मॅडम, ती कशालाच उत्तर देत नाही."

"तू काय विचारलंस?"

"नाव."

"कसं?"

"मोठ्यानं."

हॉल हसला. मॅडम हसल्या नाहीत. "स्वच्छता राखता येत नाही, कुणी सांगितलं?"

"आईनं."

"पिशवी काढा, कुणी सांगितलं?"

"आईनंच. वडिलांची सही आहे, मॅडम. पेशंटचाही अंगठा घेतलाय."

"कशाला घेतला, ते तिला कुणी सांगितलं?"

मॅडमनी दुसरी कुबडी काखेत घेतली. "चल. दाखव."

वॉर्डाकडे जाणारा रॅम्प असा बांधलाय की स्ट्रेचर ढकलणाऱ्यालाही मध्ये दम खावा लागतो. मॅडम न थांबता चढल्या. मागे अख्खा वर्ग. मी हॉलला कुलूप लावून मागोमाग गेलो. झोपलेली मुलं उठून स्वतःच्या पायांनी एका मास्तराच्या मागे चाललीत, हे दृश्य या कॉलेजात मी पहिल्यांदा पाहत होतो. बायकांच्या वॉर्डात मला शिरता येत नव्हतं. व्हरांड्यात, उघड्या दारापाशी थांबलो. तिथून सगळं दिसत होतं.

शीतल कॉटवर बसून शेजारच्या बाळंतिणीच्या बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. टोकाला टोक जुळवून, दाबून, एकावर एक. पोरीच्या कानांची भोकं मोकळी होती आणि घडी घालता घालता तिचं बोट सारखं कानाच्या पाळीकडे जात होतं. कॉटशेजारी फरशीवर तिची आई बसलेली. कौसाबाई.

मॅडमनी आधी पोरीकडे बघून मान हलवली. पोरीनंही हलवली. मग त्यांनी गावातल्या मूकबधिर शाळेतल्या शेख बाईंना फोन लावला. तेवढ्यात कुणीतरी खबर दिली असावी, स्त्रीरोग युनिटचे प्रमुख आले. मोठं नाव, मोठा दवाखाना, भाऊ जिल्ह्याच्या राजकारणात. आवाज मात्र मऊ.

"काय सोनवणे मॅडम, आज मायक्रोस्कोप सोडून वॉर्डात?"

"हो सर. परवा ही पोरगी माझ्याकडं बरणीतून येणार. म्हटलं, अख्खी आहे तोवर भेटून घ्यावं."

प्रमुखांनी मऊपणा थोडा वाढवला. "आईवडिलांची अडचण समजून घ्या. आपण हे दयाबुद्धीनंच करतोय."

"दया कुणावर?"

"अर्थात तिच्यावर."

"तिला विचारलं?"

"मॅडम, तिला काय कळतं?"

हे एवढं बोलून ते घड्याळाकडे बघायला लागले. दया आणि घड्याळ ही जोडी मी या इमारतीत नेहमी एकत्रच पाहिली आहे.

तेव्हा कौसाबाई उठल्या. बाई रडतील असं मला वाटलं होतं. त्या भडकल्या. "ओ मॅडम, तुमाला पगार हाय. आमी सहा सहा म्हैने फडावर असतो. हिला पाचटाच्या कोपीत एकटी ठिवून मी तोडीला जाती. ही वरडली तर कुनाला ऐकू यायचं न्हाई, आन् हिला सांगता यायचं न्हाई. कुनी काय केलं तर? पोट आलं तर? मग कुठं तोंड दाखवू?"

"म्हणजे कुणी काही केलं, तरी कळू नये, याची सोय," मॅडम म्हणाल्या.

"मंग काय करू? सांगा की! लई शिकलाव ना तुमी!"

मॅडम कॉटच्या कडेला टेकल्या. मग त्या हळू म्हणाल्या, "कौसाबाई, याचं उत्तर माझ्याकडं आत्ता न्हाई. पण ज्यानं करायचं त्याला सोडून तुमी पोरीला कापायला निघालाव. तेवढं थांबा."

शेख बाई रिक्षातून आल्या, हाताला अजून खडू लागलेला. त्या शीतलच्या समोर, तिच्याच उंचीला बसल्या. दोघींचे हात सुरू झाले. आधी अडखळत, मग भराभर. शेख बाई मध्येच मान वर करून म्हणाल्या, "हिची भाषा घरची है, शाळेची नहीं. पण भाषा पक्की है." परत हात. शीतलनं कानाला बोट लावलं, मग छताकडे, मग दोन्ही हात उघडले आणि खुदकन हसली.

शेख बाई हसल्या नाहीत. "मॅडम, ही बोलती की इथं तिचा कान उघडून देणार हैत. म्हणून तिनं कानातले काढून आईजवळ दिलेत."

सगळ्यांनी कौसाबाईंकडे पाहिलं. बाईंनी पदर तोंडाला लावला. "येतच नव्हती," त्या म्हणाल्या. "म्हनून कानाचं दावलं."

ढाकणेनं हातातला केसपेपर उघडला. नर्सनं दागिने काढायला सांगण्याच्या आधीच पोरीनं ते काढून ठेवले होते, म्हणून 'पेशंट सहकार्य करते' असं त्यानंच सकाळी त्यात लिहिलेलं होतं.

"आता खरं सांगा तिला," मॅडम म्हणाल्या.

शेख बाईंनी सांगितलं. पोटावर हात ठेवून, कापल्याची खूण करून, कडेवर मूल घेतल्याची खूण करून आणि ती पुसून. दोनदा सांगितलं. शीतल ते बघत राहिली. मग ती आईकडे बघायला लागली. कॉटवरून उतरली, आईच्या पदराची गाठ सोडली, त्यातली कानातली काढली आणि उभ्या उभ्या एकेक करून कानात घातली. फिरकी घट्ट बसली का ते बोटानं बघितलं. मग पिशवीत आपले कपडे भरायला लागली.

"कळलं का, काय सांगितलं तिनं?" मॅडमनी ढाकणेला विचारलं.

"हो मॅडम."

"कुणी सांगितलं?"

"तिनं."

प्रमुख तोवर निघून गेले होते. त्यांना मीटिंग होती.

ऑपरेशन झालं नाही. कौसाबाई त्या दिवशी मॅडमना शिव्या देत एसटीनं गावी गेल्या. आणि त्या शिव्या मला आजही निम्म्या तरी रास्त वाटतात. उसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा मात्र त्या शीतलला घेऊन परत आल्या, कॉलेजात नाही, शेख बाईंच्या घरी. तो हंगाम पोरगी तिथे राहिली, पुढचाही. शेख बाईंनी आपल्या दोन खोल्यांत तिसरी गादी टाकली. माणसाकडे माणूस म्हणून पाहण्याचा हा एवढा एक प्रकार त्या काळात घडला आणि तो आमच्या कॉलेजच्या आवाराबाहेर घडला.

आवारात जे घडलं ते वेगळं. मॅडमविरुद्ध तक्रार गेली: दुसऱ्या विभागाच्या कामात ढवळाढवळ, वरिष्ठांचा अवमान. चौकशी समितीत चौघे होते. समितीनं प्रमुखांना विचारलं, नर्सला विचारलं, डीनसाहेबांना विचारलं. ढाकणे स्वतःहून गेला, त्याला बाहेर बसवून ठेवलं. मॅडमना बोलावलंच नाही. हे त्यांना मी सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. "बघा लायब्ररी, नातेवाइकांनाच विचारलं." मग प्रशासकीय कारणास्तव त्यांची बदली झाली, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्याच सुमारास माहितीपुस्तिकेची नवी आवृत्ती आली. तिच्यात 'मूकबधिर भगिनींशी संवाद' असं एक पान होतं, आणि त्या पानावर युनिटप्रमुखांचा फोटो.

निरोपसमारंभ सेमिनार हॉलमध्येच झाला. प्रमुख बोलायला उभे राहिले. सोनवणे मॅडमनी आम्हा सर्वांना ऐकायला शिकवलं, असं म्हणताना त्यांनी रुमाल काढला. मॅडमनी गॉगल लावला. मग डीनसाहेब शाल घेऊन आले, शाल खांद्यावर टाकली, आणि नारळ पुढे केला. मॅडमचे दोन्ही हात कुबड्यांवर होते. त्या नारळाकडे बघत राहिल्या. साहेब हसत राहिले. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, इकडं." नारळ पडला, स्टेजवरून गडगडत गेला आणि तिसऱ्या रांगेत ढाकणेच्या बुटाला लागून थांबला.

त्यानं तो उचलला. स्टेजवर चढला. डीनसाहेबांनी घ्यायला हात पुढे केला, त्याकडे त्यानं लक्ष दिलं नाही. तो मॅडमपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्हाला हवाय का हा?"

हॉलमध्ये कुणीतरी खाकरलं. मॅडमनी गॉगल वर केला आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "विचारलंस, बरं केलंस."

ढाकणेनं नारळ टेबलावर ठेवला आणि खाली उतरला. मॅडम चहाला थांबल्या नाहीत. नुसत्या हातांनी चालवता येईल अशी करून घेतलेल्या त्यांच्या गाडीपर्यंत मी गेलो. त्यांनी कुबड्या मागच्या सीटवर टाकल्या, काच खाली केली आणि म्हणाल्या, "लायब्ररी, पुस्तकं सगळी परत दिलीत. शेवटची पानं बघून घ्या." गेटापाशी त्यांच्या गाडीला आडवी एक स्कूटर लावलेली होती. त्या हॉर्नवर हात दाबून बसल्या, तो स्कूटर हलेपर्यंत काढला नाही. आत भाषणं चालू होती. हॉर्न समारंभाच्या रेकॉर्डिंगमध्ये आला आहे.

बुधवारचा तास पुढच्या महिन्यापासून युनिटप्रमुखांकडे आला. काळ्या पट्ट्या ऑफिसातून परत काढल्या. पहिल्या तासाआधी प्रमुखांचा सत्कार झाला. टेबलावरचा नारळ फुटलेला नव्हता, तोच दिला.